आधीच लावलेलं घर

पडद्यांची मापं घ्यायची, एवढंच त्या दिवशीचं काम होतं.

दुर्वा आदल्या संध्याकाळी वर्ध्याहून आली होती. लग्न मे महिन्यात झालं, आणि नवव्या दिवशी यशोधनला बँकेने जबलपूरला पाठवलं. तिची कॉलेजातली नोकरी सुटेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तोवर त्याने तिथल्या चेरीताल भागात शरयूकाकूंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. फोनवर रोज म्हणायचा, "मी नुसता झोपायला येतो इथे. तू आलीस की घर लावू."

सकाळी तो कामावर गेल्यावर ती टेप घेऊन स्टुलावर चढली. दुकानातून आणलेले पडदे जमिनीवर लोळतात, अशी त्याची तक्रार होती. पण पडदे लोळत नव्हते. खालची कड दुमडून हाताने शिवलेली होती, इतक्या बारीक टाक्यांनी की डोळे जवळ नेल्याशिवाय दिसू नये. ती स्वयंपाकघरात गेली. डबे उंचीप्रमाणे मांडलेले, डाळी निवडून भरलेल्या, मसाल्याचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला. हळद, तिखट, मोहरी, सगळं काठोकाठ. रात्री थकव्याने तिचं लक्षच गेलं नव्हतं. तिला भरून आलं. हा माणूस किती गुपचूप करतो सगळं.

संध्याकाळी तिने तसं म्हटल्यावर यशोधन हसायला लागला. "मला सुईत दोरा ओवता येत नाही. मी सामान नुसतं आणून टाकायचो, काकूंनीच लावलं असणार ते. बँकेतून आलो की रोज काही ना काही लागलेलं असायचं. त्यांच्याकडे किल्ली आहे ना."

दुसऱ्या दिवशी आभार मानायला ती खाली उतरली. शरयूकाकू ओसरीवर उन्हात बसून मेथी निवडत होत्या. सत्तरीच्या, एकट्या, तीन पिढ्यांपासून जबलपूरच्या.

"मी काहून वर जाईन, बेटा?" त्या म्हणाल्या. "हे गुडघे बघ. तीन वर्षं झाली, जिना नाही चढली मी. मला वाटलं, तूच येऊन-जाऊन करून राहिली."

"काकू, मी तर परवा आले. पहिल्यांदाच."

काकूंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला.

"अच्छा…" त्या पुटपुटल्या. "मग दुपारी वर भांडी कोण लावायचं?"



दुर्वा डावखुरी होती. तिने मसाल्याचा डबा, पळी, चिमटा, सगळं डावीकडे घेतलं. सकाळी उठून पाहिलं तर सगळं उजवीकडे. तिने पुन्हा डावीकडे ठेवलं. कॉलनीतून भाजी घेऊन येईपर्यंत पुन्हा उजवीकडे. तिने लग्नातला फोटो दिवाणाच्या वर लावला, तो दाराशेजारी गेला. कोणी रागाने फेकल्यासारखं नव्हतं ते. नीट, खिळा ठोकून, पुसून लावलेलं. दुर्वाला भीतीपेक्षा आधी अपमान वाटला. आपल्याच घरात आपण पाहुणी म्हणून आलोय आणि यजमानीण समोर येत नाही, तसं.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, लाइट गेली. पंखा थांबला तशी गल्लीतली शांतता घरात शिरली. दुर्वा बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. आधी वास आला. हिंग-जिऱ्याची फोडणी, ताजी, चरचरीत. मग आवाज. डब्यावर झाकण बसावं तसा, एकामागून एक, सावकाश…

ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आत कोणी नव्हतं. शेगडी गार होती. मसाल्याचा डबा उजवीकडे होता, आणि त्याचं झाकण अजून थरथरत होतं.

ती अनवाणीच जिना उतरली. काकूंनी तिला पाणी दिलं.  पेला रिकामा झाल्यावर त्या आपणहून बोलू लागल्या.

"क्षमा नाव तिचं. अकरा वर्षं झाली. तिचा नवरा, अनुपम, फौजेत. आसामकडून बदली होऊन इथे येणार होता. ती चार महिने आधी आली, नवी नवरी. एक-एक डबा आणायची अन् मला दाखवायची. म्हणायची, हे आले की राहायला लागू. तो यायच्या तीन दिवस आधी डेंगूने दवाखान्यातच गेली."

"आणि ते?"

"आला. इथे, जिन्यापाशी उभा राहिला. सामान त्याच्या सोबतच्या पोरांनी उतरवलं. तो वर नाही गेला." काकूंनी पदराने डोळे टिपले. "घर लावून झालं होतं, बेटा. राहायचं तेवढं राहून गेलं."

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"नंतर इतकी बिऱ्हाडं आली, कोणाला काही नाही दिसलं. सगळी लेकुरवाळी होती. यशोधन एकटा आला, तुझी वाट पाहत. तिलाही तशीच सवय होती ना…"

सगळं ऐकून यशोधनने रात्रीचं जेवण बाहेरून आणलं. "मदन महल भागात एक फ्लॅट आहे," तो म्हणाला. "उद्याच बघून येऊ. तुला इथे एकटीला ठेवून मी कामावर जाणार नाही."

दुर्वा भिंतीकडे बघत होती. वर्ध्याच्या खोलीत सहा महिने तीही हेच करत होती. पेपर तपासता तपासता कोऱ्या पानांवर या घराच्या याद्या लिहायच्या: तवा, पाट, खिडकीत तुळस. न पाहिलेल्या घरात रोज एक वस्तू ठेवायची. आपल्याला काही झालं असतं, तर आपण तरी कुठे गेलो असतो?

"थोडे दिवस थांबू या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली. पाठ भिंतीला टेकलेली, म्हणजे मागे कोणी असू नये.

"क्षमाताई," ती म्हणाली. "तुम्ही फार छान लावलंय सगळं. पण मी… मी डावखुरी आहे. उजवीकडे असलं की माझा हात अडखळतो, बाकी काही नाही. तुम्ही जा असं नाही म्हणत मी. फक्त मलाही राहू द्या."

 कुठेतरी गल्लीत कुकरची शिट्टी झाली.

सकाळी मसाल्याचा डबा डावीकडे होता. पळी, चिमटा, लायटर, मिठाची बरणीसुद्धा. दुर्वा ओट्याला धरून उभी राहिली, हसली आणि मग बराच वेळ रडली. त्या दिवशी त्या दोघांनी स्वयंपाकघरातच खाली बसून पिठलं-भाकरी खाल्ली, आणि यशोधन म्हणाला, "आज घरी आल्यासारखं वाटलं."

पुढे मदन महलचा विषय निघाला नाही. दुर्वा काम करता करता बोलायला लागली. आज काय केलं, मीठ जास्त झालं का, थंडी किती आहे. घर ऐकायचं.

जानेवारीत एका दुपारी काकूंनी खालून हाक मारली. जिन्यापाशी एक चाळिशीचा माणूस उभा होता, कानशिलं पिकलेली. काकू काठीच्या आधाराने उठून उभ्या राहिल्या होत्या.

"अनुपम आहे," त्या हळूच म्हणाल्या.

त्याने दुर्वाला नमस्कार केला. "तुम्हीच बोलावलंत ना? मंगळवारी फोन आला होता."

"मी? माझ्याकडे तुमचा नंबरच नाही."

त्याने मोबाइल पुढे केला. नंबर तिचाच होता. दुर्वाने आपल्या फोनमध्ये पाहिलं. मंगळवार, दुपारी सव्वातीन, चार मिनिटं. मंगळवारी दुपारी ती झोपली होती. उठली तेव्हा घसा कोरडा पडला होता, खूप बोलल्यासारखा.

ती बाजूला सरली. "या… वर या."

तो भिंतीला हात लावत एकेक पायरी चढला. स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने कशालाच हात लावला नाही, नुसते डबे पाहिले. दुर्वाने चहा ठेवला. तो ओट्यापाशीच उभा राहून प्यायला, आणि त्याच्या डोळ्यांतून आवाज न करता पाणी वाहत राहिलं. क्षणभर फोडणीचा वास दरवळला. मग तोही विरला, आणि घर एकदम हलकं झालं, ओझं खाली ठेवलेल्या माणसासारखं.

ती त्याला पोचवायला खाली आली. शेवटच्या पायरीवर तो वळला.

"एक विचारू? फोनवर आवाज तुमचा होता, बोलणं तिचं होतं. म्हणाली, घर लागलंय, आता या. वर आम्ही चौघं वाट बघतोय." तो जरा घुटमळला. "तुम्ही दोघं, आणि ती. चौथं कोण?"

दुर्वाने मनातल्या मनात पुन्हा मोजलं. तीनच.

तिने काकूंकडे पाहिलं. काकू तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याच्या वरच्या टोकाला, उघड्या राहिलेल्या दाराकडे लागली होती आणि तिथे उभ्या असलेल्या कोणाशी बोलावं तसे ओठ हलत होते.

दुर्वाने वळून पाहिलं नाही.