पूर्वेकडच्या कोपऱ्यातले दगड

सन २००५चा मार्च महिना होता. नवरोझला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, आठ दिवस उरले होते आणि अफगाणिस्तानातल्या बाघलानबाहेरच्या बागांतले बदाम फुलले होते. नव्या कन्याशाळेची मुख्याध्यापिका या नात्याने मी सकाळी बाके मोजायला गेले.

शाळा परदेशी पलटणीने बांधून दिली होती. भिंती सरळ होत्या, खिडक्यांना काचा होत्या. त्याविषयी माझी तक्रार नव्हती. आवारातले जुने सुरुंग काढण्याचे काम आमचा सखीदाद करी. मागच्या पानगळीत त्याच कामात तो गेला. राहिलेला पूर्वेकडचा कोपरा दुसऱ्या तुकडीने घाईने तपासला आणि 'निर्धोक' असा कागद आला. लाल दगड दिसला की थांबायचे, पांढरा दिसला की चालायचे, हे आमच्याकडे तीन वर्षांच्या मुलीलाही कळते. कागद येताच कोपऱ्यातले अकराही दगड पांढरे रंगवले गेले.

त्या सकाळी ते लाल होते. रंग ओला होता.

तुमच्या गावाला लाल रंग फारच आवडतो वाटते, असे पलटणीच्या कप्तानाने दुभाष्याकरवी विचारले.

"आवडत नाही," मी म्हटले. "आम्ही तो वाचतो."

त्याने दगड पुन्हा पांढरे करून घेतले. उद्घाटनाच्या दिवशी एकशे चाळीस मुली त्याच कोपऱ्यात, ध्वजस्तंभासमोर, रांगेने उभ्या राहायच्या होत्या.

दुसऱ्या सकाळीही दगड लालच. तेव्हा तिन्हीसांजेला मी पायंदासह शाळेच्या ओसरीवर बसले. पायंदा शाळेचा पहारेकरी, सखीदादचा बाप. वारा पडला. आधी रंगाचा वास आला. मग कोपऱ्यातून, सुरुंग शोधताना होतो तसा, मातीत लोखंडी सळई खुपसल्याचा आवाज. एकदा... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा एकदा. तिथे कोणी नव्हते.

"गुडघ्यांवर बसलाय, बाई..." पायंदा पुटपुटला. "दम लागला की असाच थांबायचा..."

मी कंदील पेटवला.

"काम अर्धं टाकून तो कधी घरी आला नाही..."

कंदील घेऊन मी दगडांपर्यंत गेले, पुढे नाही. शेवटच्या दगडावर ओल्या रंगात डाव्या हाताचा ठसा होता. बोटे तीनच. सखीदादची दोन बोटे पूर्वीच या कामात गेली होती.

उद्घाटनाच्या सकाळी मी फाटकाला कुलूप घातले आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. कप्तान पुष्कळ बोलला. दुभाष्याने त्यातले निम्मेच सांगितले.

"कुत्री आणा," मी म्हणाले. "कोपरा पुन्हा हुंगू द्या. त्यानंतरच मुली आत येतील."

नऊ एप्रिलला कुत्री आली. दुपारपर्यंत दोन सुरुंग निघाले, दोन्ही ध्वजस्तंभाच्या पायाशी. कप्तानाने टोपी काढली, जुना कागद माझ्यासमोर फाडला आणि प्रकरण मिटले. दगड पांढरे झाले. पायंदाने त्यांतल्या शेवटच्या दगडावर हात ठेवला.

"आता निजेल तो," तो म्हणाला.

मी घरी आले. सकाळी दाराला स्वतः लावलेले कुलूप स्वतःच काढले. उंबऱ्याच्या आत, चटईच्या कडेला, एक लाल दगड होता. रंग ओला होता आणि त्यावर हाताचा ठसा होता.

बोटे पाचही होती. हात सखीदादचा नव्हता; मी उंबऱ्याबाहेरच थांबले.