सरळ धरलेला दांडा

ढगात वैमानिकाला त्याचे कान हमखास फसवतात. विमान एकाच लयीत वळत राहिलं, की कानातलं पाणी स्थिरावतं आणि आपण नाकासमोर चाललोय असं वाटू लागतं. हे फसणं गणितात बसवण्यात ताईची उमेदीची वर्षं गेली होती. आज मात्र प्रयोगशाळेतल्या फिरत्या खुर्चीत, डोळ्यांवर पट्टी बांधून, एका हातात छोटा दांडा धरून, तिचा धाकटा भाऊच बसला होता.

मागच्या महिन्यात तो ढगात चकला. सहवैमानिकाने विमान सावरलं, म्हणून सगळे सुखरूप उतरले. आता या चाचणीत पास झाला तरच पुन्हा आकाश, नाहीतर कायमचं घर. खरं तर चाचणी दुसऱ्या कुणी घ्यायला हवी होती, पण ताईला राहवेना.

"दांडा तुला सरळ वाटेल तसा उभा धर. खुर्ची कितीही फिरू दे."

"लहानपणी तू मला गरगर फिरवायचीस, तेव्हा मार्क नव्हते देत."

"तेव्हा तू ओकायचास. गप्प बस आता."

दांड्याच्या कलावरून माणूस कसा फिरतोय, विमानात असता तर किती उंचीवर असता, ते तिचं गणित उलटं चालून सांगायचं. दांडा कलला. आणखी कलला. पडद्यावर रेघ उमटली: वळण आवळत चाललंय, उंची घटतेय.

"काका, वेग जरा कमी करा," ती म्हणाली.

तंत्रज्ञकाका चष्मा पुसत होते. "वेग कसला? मोटर अजून चालूच केली नाही मी. तुमच्या इशाऱ्याची वाट बघतोय."

खुर्ची खरंच जागच्या जागी होती. ताईला आधी स्वतःच्या गणिताचाच राग आला. तिने तारा तपासल्या, सगळं पुन्हा शून्यावर आणलं. स्थिर बसलेल्या माणसाचा असला भास मिनिटभरात विरतो. हा वाढत होता.

मग तिचं लक्ष भावाच्या चेहऱ्याकडे गेलं. आवळत्या वळणात विमानातल्या माणसाचं वजन कैक पटींनी वाढतं, तेव्हा ओघळतात तसे त्याचे गाल खाली ओघळले होते. अंगाखालची गादी हळूहळू चेपत होती.

ती मनातून घाबरली.

"बास. सोड तो दांडा."

"का गं? सरळच धरलाय की मी."

पडद्यावर उंची फारशी उरली नव्हती.

तिने धावत जाऊन त्याचा मांडीवरचा मोकळा हात धरला. सडपातळ पोराचा हात तो. दोन्ही हातांनी ओढला, तरी मांडीवरून तसूभरही उचलला गेला नाही.