चंद्रावरून आलेला घाईचा फोन

शाल्मलीची आई चंद्रावरच्या वसाहतीत खडकांचा अभ्यास करायला गेली होती. त्या दुपारी भिंतीवरच्या पडद्यावर अचानक तिचा घाबराघुबरा चेहरा उमटला.

"शालू, माझी परतीच्या यानातली जागा रद्द होतेय! आत्याच्या फोनवर आत्ता ओटीपी (एकदाच चालणारा गुप्त आकडा) आलाय, तो वाच. आत्याला सांगू नकोस, ती उगाच काळजी करेल. आणि फोन ठेवू नकोस!"

आत्या गच्चीवर अँटेना दुरुस्त करत होती. तिचा फोन टेबलावरच होता. शाल्मलीने तो उचलला, पण काहीतरी खटकलं.

"आई, तू बरी आहेस ना?"

"हो गं, वाच लवकर!" प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर.

शाल्मलीने पडदा बंद केला आणि धावत गच्ची गाठली.

"आत्या, आईच होती, पण... तिचं उत्तर फार लगेच आलं! आणि मी चुकले असेन तर? तिची जागा गेली तर?" तिचे डोळे भरून आले.

रेडिओ-अभियंता असलेल्या आत्याने पक्कड खाली ठेवली. "थांब. वसाहतीचा नंबर आपल्याकडे आहे. आपणच फोन लावू."

खरी आई जेवायला बसली होती. तिची जागा सुखरूप होती.

"बरोबर पकडलंस," आत्या म्हणाली. "रेडिओलहर (आवाज आणि चित्र वाहून नेणारी अदृश्य लहर) प्रकाशाच्या वेगाने धावते. तरी चंद्रापर्यंत जायला-यायला मिळून अडीच सेकंद लागतातच. चोरट्याने यंत्राकडून आईचा चेहरा आणि आवाज बनवून घेतला, पण मधलं अंतर कुठून आणणार?"

शाल्मलीने डोळे पुसले. "पण माझ्या मैत्रिणीची, मृण्मयीची आई परभणीला असते. तिथून उत्तर लगेच येतं. मग तिने कसं ओळखायचं?"

"चेहरा सोड. तो फोन तुला काय करायला लावत होता, ते आठव."

"घाई करायला. तुझ्यापासून लपवायला. फोन ठेवू देत नव्हता. आणि ओटीपी मागत होता."

"कारण घाईत विचार होत नाही. लपवलं की कुणाला विचारता येत नाही. फोन ठेवला, तर आपण आत्ता केली तशी खात्री करून घेतो. आणि ओटीपी म्हणजे खात्याची किल्लीच. ती मागणारा कुणीही असो, द्यायची नाही."

दोघींनी लगेच सायबर पोलिसांना कळवलं.

"आत्या, उद्या माणसं मंगळावर राहायला गेली तर?"

"तिथून उत्तर यायला कित्येक मिनिटं लागतील. विचार करायला वेळच वेळ!"

"आणि पृथ्वीवर तो वेळ आपला आपण काढायचा," शाल्मली म्हणाली, आणि मृण्मयीला सगळं सांगायला जिना उतरू लागली.