अभिप्राय नसलेला विक्रेता

आयुष्यभर विनोदी सदरं लिहिली, पण लोक गंभीरपणे सल्ला विचारायला लागले ते निवृत्तीनंतर. ऑनलाइन लिलावात मी एकदा फोन म्हणून साबणाची वडी घेतली होती. तेव्हापासून जुने फोन कसे घ्यावेत या विषयातला मी लातुरातला जाणकार.

शेजारचे डाळमिलवाले उमाशंकरअप्पा एका सकाळी हातात मोबाइल आणि काखेत फोनचा रिकामा खोका घेऊन आले. मोबाइलवर लिलावाचं पान उघडं होतं.

"लेखकराव, ह्यो बसम्माचाच हाय. कोपरा बघा फुटलेला."

बसम्मा त्यांची बायको. उन्हाळ्यात वारली. उदगीरजवळच्या शेतात तिला समाधी दिली. त्या गर्दीत तिचा फोन कुणीतरी लांबवला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. अप्पांना फोनचं काही नव्हतं. बसम्मानं त्यात स्वतःच्या आवाजात गजर भरून ठेवला होता: "उठा हो, ऊन आलं." तो आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. ती गेल्यापासून अप्पा नीट झोपले नव्हते. उठवायला कुणी न्हाई तर झोपू कशाला, म्हणायचे.

विक्रेत्याचं नाव नव्हतं. गाव उदगीर. अभिप्राय शून्य. अप्पांनी बोली लावूनही टाकली होती.

"ज्याला एकही अभिप्राय नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये," मी म्हणालो. "पहिला नियम."

"चोराला कोण अभिप्राय देतंय? म्होरला नियम सांगा."

फोनचा पंधरा आकडी नंबर मागवला, खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. आकडा न् आकडा जुळला. आता फोटो जुना नाही ना, हे बघायचं. त्यासाठी आपण सांगू ती वस्तू शेजारी ठेवून नवा काढायला लावायचा. मला खोडी सुचली. लिहिलं, बेलाचं पान ठेवा. बसल्या जागी बेल कुठून आणेल?

फोटो लगेच आला. त्रिदळ ताजं होतं, जरासं दबलेलं. खाली काळी माती. काचेवर भस्माची पूड. एरवी अशा काचेत फोटो काढणाऱ्याचं डोकं तरी दिसतं. ही काच नुसती काळी होती.

"शेतकरी दिसतोय," मी म्हणालो. अप्पा फोटो बोटांनी मोठा करून भस्माकडं बघत होते.

मग विक्रेत्याचा निरोप आला: मला जागेवरून उठता येत नाही. तुम्हीच या.

हा जुना डाव. आडरानात बोलवायचं आणि लुबाडायचं. "जायचं नाही," मी अप्पांना बजावलं आणि त्यांच्या मोबाइलवर स्वतःच लिहिलं: तुम्ही या. घरी आणून द्या.

बराच वेळ काही नाही. मग: बरं. ऊन आल्यावर.

अप्पांनी ते दोनदा वाचलं.

"आमच्यात जाळत न्हाईत, लेखकराव. मातीत बसवतेत. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं म्या. उजवा हात पदराखाली ऱ्हायला. मूठ वळलेली होती. कुणी उघडून न्हाई बघितली."

"अप्पा, आपण बोली मागं घेऊ."

"कशाला? तुम्हीच बोलावलंय न्हवं." ते हसले. "आज जरा झोपतो."

सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"उठा हो, ऊन आलं."

मग पुन्हा.

कुणी बंद करीना.

कडी आतून होती. आम्ही शेजाऱ्यांनी दार तोडलं, तेव्हा आवाज थांबला.

अप्पा पलंगावर मांडी घालून बसले होते, पाठ भिंतीला. उजवी मूठ वळलेली. अंग गार. पलंगापाशी ओली काळी माती होती. उंबऱ्याशी कणही नव्हता. बसम्माचा फोन घरभर शोधला. मिळाला नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मीही विचारणाऱ्याला तेच सांगतो.

त्यांना बसम्माशेजारीच बसवलं. त्याआधी मी त्यांची उजवी मूठ उघडून पाहिली. रिकामी होती. बेलाचा वास आला.

परतताना एसटीत सवयीनं माझ्या फोनवर ते लिलावाचं पान उघडलं. फोन विकला गेला होता. विक्रेत्याच्या खाली आता एक अभिप्राय होता. पाच तारे. खरेदीदार, उमाशंकर. आम्ही माती लोटत होतो, तेव्हाची वेळ. अप्पांचा मोबाइल तेव्हा माझ्या खिशात होता, बंद.

"माल दाखवला तसाच हाय. बाई प्रामाणिक. न्यायला स्वतः आली."