लाल दोऱ्याची कबुतरं

"अण्णा, परसू, लवकर गच्चीवर या! आणखी एक गेलं!"

हेमलताची हाक ऐकून तिचा भाऊ हयवदन आणि शेजारचा परसू धडाधड जिना चढले. मे महिन्याची सुट्टी लागून दहाच दिवस झाले होते, आणि आप्पाजींच्या कबुतरांचं हे चौथं पिल्लू मेलं होतं!

आप्पाजी म्हणजे हेमलताचे आजोबा. अख्ख्या चामराजपेटेत त्यांच्या पांढऱ्या लक्का कबुतरांचं केवढं नाव! बक्षीस मिळवलेल्या एकाच जोडीपासून त्यांनी ती सगळी वाढवली होती. त्या वंशातल्या प्रत्येकाच्या पायात लाल दोरा असे, आणि लाल दोऱ्याची जोडी लाल दोऱ्याशीच लागे. "घराण्यात बाहेरचं रक्त नको!" असं म्हणत आप्पाजी मिशीला पीळ देत.

"त्या देवाप्पानं किडका दाणा दिला! जळतो मेला माझ्यावर!" आप्पाजी गरजले. कोपऱ्यावरचे धान्यवाले देवाप्पा त्यांचे तीस वर्षांचे दोस्त. पण पहिलं पिल्लू मेलं आणि दोघांचं बोलणंच तुटलं.

हेमलताला काळजी होती पाचव्या पिल्लाची. त्याचे पाय वाकडे, मान सारखी कलती. तिनं त्याला कापशी नाव दिलं होतं. भिजवलेली डाळ वाटून ती बोटानं भरवायची. "हिला मी जगवणार म्हणजे जगवणारच!"

"दाणा वाईट असेल, तर देवाप्पामामांच्या कबुतरांनाही बाधायला हवा," हयवदन म्हणाला. "तीही तोच खातात."

"अरे वा! मला वाटायचं, तुझं डोकं फक्त टोपी घालायला आहे!" परसू म्हणाला, आणि तिघं पळत सुटली.

देवाप्पांनी त्यांना आपल्या माडीवर नेलं. "बघा हो मक्कळे, बघा पोरांनो, नीट बघा. माझ्याकडं लपवायला काय आहे?"

एका खोक्यात दोन गुबगुबीत पिल्लं चोच वासून ओरडत होती. त्यांच्या आईकडे बघून परसू किंचाळला, "हिच्या पायात लाल दोरा!"

"तुमचीच ती. मागच्या वर्षी उडून आली आणि माझ्या करड्या नराशी जमली," देवाप्पा म्हणाले. "परत द्यायला गेलो, तर आप्पाजी म्हणाले, बाटली ती, मला नको."

"दाणा तोच, आई आपल्याच घरातली," हयवदन पुटपुटला. "मग फरक कशात?"

"बापात!" हेमलता म्हणाली. "हा बाहेरचा आहे. आपल्याकडं तर बहीण-भावांचीच जोडी लावतात!"

"तेच अम्मा," देवाप्पा हेमलताला म्हणाले, "तीन वर्षं सांगतोय मी! एकाच घरातल्या नर-मादीत खोटही एकच असते. दोघांची मिळून ती पिल्लात उतरते. स्वल्प, एखादा तरी बाहेरचा नर घाला म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले."

मुलं धावत घरी आली. टोपलीत कापशी निपचित पडली होती. हेमलतानं तिला उचललं. अंग अजून कोमट होतं.

"काय झालं गं?" आप्पाजींनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. मग रडत ओरडली, "दाण्यानं नाही मारलं हिला, आप्पाजी! तुमच्या घराण्यानं मारलं!"

आप्पाजींना असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी कापशीचे वाकडे पाय बोटानं चाचपले. मग त्यांनी कोट चढवला आणि मुलांना घेऊन तडक दुकान गाठलं.

"देवाप्पा, चुकलो मी," भर गिऱ्हाइकांत ते म्हणाले. "तुझा एखादा नर देशील?"

"सरी, सरी! देतो की! आधी कॉफी घ्या." देवाप्पांचे डोळे भरून आले होते.

"शाबास रे पोरांनो!" आप्पाजी वळून म्हणाले. "मला इतक्या वर्षांत दिसलं नाही, ते तुम्ही एका सकाळीत शोधलंत!"

परसू आणि हयवदन फुशारले. हेमलता मात्र आप्पाजींकडे वळली.

"तुम्ही देवाप्पामामांचं आधीच ऐकलं असतं," तिनं विचारलं, "तर कापशी जगली असती?"

आप्पाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खोटं बोलणं त्यांना जमेना.

"नाही गं बाळ. कापशी झालीच नसती. दुसरं कुणीतरी झालं असतं, धडधाकट."

"मला दुसरं कुणी नको होतं!" असं म्हणून हेमलता त्यांच्या कोटात तोंड खुपसून रडू लागली.