घरं न मोजणारी

चष्म्याची काडी निखळली म्हणून समोर दिसलं त्या दुकानात मी शिरले. गिऱ्हाईक आल्याचा चष्मेवाल्याला पत्ताच नव्हता. तो रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यात डोकं खुपसून बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कादंबरीकार. आधी खलाशी होता. चार अक्षरं."

मी नाव सांगितलं. त्यात हुशारी काहीच नव्हती, कोडं मीच रचलं होतं. गेली नऊ वर्षं मीच रचत होते, टोपणनावाने. हे त्याला सांगणारही होते, पण तेवढ्यात त्याने वर पाहिलं... इतक्या कौतुकाने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग गप्पच बसले.

पुढच्या कोड्यात मी घराबाहेर न पडणारी अमेरिकन कवयित्री घातली आणि सोमवारी सुरीच्या टोकाने काडीचा स्क्रू ढिला करून दुकान गाठलं. बाकी कोडं भरलेलं होतं; तेवढंच त्याने विचारलं, मी सांगितलं. पायंडाच पडला. मी विश्वकोश चाळून त्या शतकातले अमेरिकन हुडकत बसायची – तळ्याकाठी राहिलेले, तरुणपणीच गेलेले, कुणी का असेनात. चष्म्याला झालंय तरी काय, असं वहिनी दर आठवड्याला विचारायची. मला तो माणूस आवडला होता, एवढंच झालं होतं.

दोन महिन्यांनी संपादकांनी बोलावलं. वाचक वैतागले होते. आणखी एक जरी अमेरिकन दिसला तरी कोडं दुसऱ्याकडे जाईल, असं त्यांनी सुनावलं. नऊ वर्षांचं काम असं कसं सोडायचं? त्या रविवारी कोड्यात एकही अमेरिकन नव्हता.

सोमवारी तरीही गेले. स्क्रू घट्ट होता, आणि आता त्याला माझी गरज उरली नव्हती. समोर कोडं पूर्ण भरलेलं दिसत होतं.

"संपादकांनी दम दिला वाटतं," तो म्हणाला.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"दुसऱ्याच खेपेला. सोडवणारा माणूस आधी कोड्यातली घरं मोजतो. तुम्ही कधी मोजलीच नाहीत."

"मग विचारत कशाला होतात?"

त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. "मला त्या अमेरिकनांमध्ये काही रस नाही. तुमच्यात आहे."

मलाही त्यांच्यात नव्हता, हे मी सांगून टाकलं. मग दुकान किती वाजता बंद करता, असं विचारलं.

"एरवी आठला," तो म्हणाला, आणि भर दुपारी त्याने दिवे मालवले.