आठवं नाव

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. माझे वडील भीमा तलाठी खोटं बोलणारे नव्हते. त्यांनीच मला हे सांगितलं.

साल १९८३, मे महिना. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. निलंग्याकडचं एक गाव. दुष्काळ असा की एकाच विहिरीला पाणी.

ती शेषेराव राजांची.

'राजा' हा किताब त्यांच्या पूर्वजाला निजामाच्या काळात मिळाला. कशाबद्दल? कुण्या नवाबाच्या शिकारीला माणसं पुरवल्याबद्दल! तेवढ्यावर सात पिढ्यांच्या मिशीला पीळ. थोरल्याकडून थोरल्याकडं. राज्य नाही, फौज नाही. पण राजे अंघोळीला निघाले की केरबा चोपदारानं पुढं चालत सातही नावं पुकारायची. शेवटी राजांनी म्हणायचं, "हजर!"

आमच्या बौद्धवाड्याला ती विहीर बंद.

वडील विहीर ताब्यात घ्यायचा हुकूम घेऊन गेले.

"राजाची विहीर घेणार? तू?" शेषेराव हसले.

"राजे कवाच संपले. पानी गावाचं हाय."

चौथ्या दिवशी शेषेराव वारले. मूलबाळ नव्हतं.

"सुटला एकदाचा किताब," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी विहीर उघडली. बायका पाणी शेंदत होत्या. केरबा वडिलांजवळ बसून तंबाखू मळत होता.

अचानक कप्पीची करकर थांबली...

दोर मात्र सरकत होता.

मग चिमण्या गप्प झाल्या...

आणि विहिरीलगतच्या, वडिलांनीच कुलूप लावलेल्या राजांच्या बैठकीतून पुकारा आला.

पहिलं नाव. दुसरं. तिसरं...

वडिलांनी केरबाकडं पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

"कोन हाय आत?"

"कोनी न्हाई, साहेब. चावी तुमच्याच खिशात हाय."

सातवं नाव. शेषेराव.

पुकारा तिथंच संपायला हवा होता...

"राजा भीमा, वल्द व्यंकटी!"

माझ्या वडिलांचं नाव. आजोबांचं नाव.

पाणी शेंदणाऱ्या पंचफुलाबाईच्या हातून घागर सुटली. विहिरीत पडली...

आवाज आला नाही.

सगळे वडिलांकडं बघून राहिले. आतलं जे काही होतं, तेही थांबून होतं. उत्तरासाठी.

वडील उठले. बैठकीच्या दिशेनं थुंकले.

"गैरहजर!"

तेव्हा कुठं खाली घागर आपटल्याचा आवाज आला.

कुलूप उघडलं. बैठक रिकामी. जमिनीवर धूळ. धुळीत एकही पाऊल नाही.

वडील आयुष्यभर हे हसून सांगायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचा थोरला मी. नांदेडला तिसऱ्या मजल्यावर राहतो.

दुपारी घरी एकटा असलो की टीव्ही मोठ्यानं लावतो. पुकाऱ्याची भीती नाही हो. असल्या किताबाची मला किळस येते.

पण परवा दाढी करताना सहज आरशात बघून मिशीला पीळ दिला... आणि ओठांवर शब्द आला.

"हजर."

मी तो बोललो नाही. एवढं नक्की.

बहुतेक.